ख्रिस्ती वैद्यकीय पथकाबरोबर केरळच्या पूरग्रस्त भागात जावे का?

सीनाकाठ
२४ ऑगस्ट २०१८, रात्री १०:४२

नमस्कार. मी सोलापुरातील एका खासगी रुग्णालयाच्या औषध विभागात फार्मासिस्ट आहे. आमच्याकडे बारा वर्षांपासून काम करणाऱ्या एक मल्याळी सिस्टर आहेत. त्यांचे माहेर कुट्टनाडात आहे, म्हणजे समुद्रसपाटीच्याही खालच्या जमिनीला बांध घालून जेथे भातशेती करतात, त्या भागात. गेल्या आठवड्यात त्यांच्या आईवडिलांना होडीतून बाहेर काढले आणि ते सध्या चंगनाशेरीच्या एका शिबिरात आहेत. सिस्टर ज्या मंडळीत उपासनेला जातात तेथील दोन डॉक्टर, तीन परिचारिका आणि चार तरुण असे पथक ३० तारखेला जयंती जनता एक्स्प्रेसने निघणार आहे. औषधांचा हिशेब ठेवणारे त्यांच्यात कोणी नाही, म्हणून त्यांनी मला विचारले. मी ख्रिस्ती नाही.

रजा मंजूर झाली आहे, परंतु मनाचा निर्णय होत नाही. दहा-बारा दिवसांसाठी बाहेरून गेलेल्या माणसांचा तेथे खरोखर उपयोग होतो, की आपण स्थानिकांवर भार होतो, ही पहिली शंका. दुसरी अधिक नाजूक आहे. पथक मंडळीचे आहे, त्यामुळे प्रार्थना होणार, कदाचित रुग्णांसमोरही होणार. त्या वेळी मी काय करावे? आणि औषधाच्या खिडकीत मी बसलेली असताना त्या प्रार्थनेची जबाबदारी माझ्यावरही येते का? सासूबाईंनी तर एका वाक्यात निकाल दिला आहे, तो येथे लिहीत नाही. ज्यांनी असे काम केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

कडक_भाकरी
२४ ऑगस्ट २०१८, रात्री ११:०५

धार्मिक प्रश्नाचे उत्तर जाणकार देतील. मी व्यावहारिक सल्ला देतो. तेथे तिन्ही त्रिकाळ भात मिळेल आणि तोही जाड, तांबूस. तेव्हा एक किलो शेंगांची चटणी आणि पंचवीस कडक भाकऱ्या बरोबर न्याव्यात. त्या महिनाभर टिकतात आणि प्रसंगी पायाखाली वीट म्हणूनही उपयोगी पडतात.

निवृत्त_भूलतज्ज्ञ
२५ ऑगस्ट २०१८, सकाळी ६:२०

सीनाकाठताई, आपल्या पहिल्या शंकेविषयी माझ्या अनुभवातून लिहितो.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री विसर्जनाच्या मिरवणुका आटोपून शहर नुकते आडवे झाले होते. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी भांडी वाजली, आम्ही रस्त्यावर आलो आणि थोड्या वेळाने परत घरात जाऊन झोपलो, याची आजही लाज वाटते. सकाळी उमरग्याच्या रस्त्याने ट्रक आणि टेम्पो येऊ लागले तेव्हा किल्लारी हे नाव कळले. सुमारे दहा हजार माणसे गेली आणि बावन्न गावे पार उद्ध्वस्त झाली. दगडमातीच्या दोन-दोन हात जाडीच्या भिंती आणि वर मातीचे माळवद, अशी घरे झोपलेल्या माणसांवर बसली होती. अनेकांच्या अंगावर जखम नव्हती, नाकातोंडात माती होती.

पहिले दोन दिवस माझी गरज सोलापुरातच होती. भूल देण्याची यंत्रे मोजकी आणि मोडलेले पाय शेकडो, त्यामुळे केटामाइन या भुलीच्या इंजेक्शनवर एकामागून एक शस्त्रक्रिया चालल्या होत्या. तिसऱ्या दिवशी एका मिशन रुग्णालयाच्या पथकाबरोबर मी तेव्हाच्या उमरगा तालुक्यातील सास्तूरकडे गेलो. पेटी भरून भुलीची औषधे नेली होती, त्यांतील एकही उघडावी लागली नाही. ज्यांना शस्त्रक्रियेची गरज होती ते आधीच हलवले गेले होते किंवा उरले नव्हते. उरलेल्यांना धनुर्वाताचे इंजेक्शन, जखमेची नीट साफसफाई, पिण्याचे पाणी आणि जवळ बसणारे माणूस हवे होते. भूकंपानंतर बाहेरचे शल्यचिकित्सक पोहोचेपर्यंत त्यांची वेळ बहुधा टळलेली असते. पुराचे तसे नाही. पुराचे दुखणे पाणी ओसरल्यावर सुरू होते, त्यामुळे ३० तारखेला निघणे उशिराचे नाही.

रस्त्यावर मात्र बघ्यांच्या गाड्यांची एवढी रांग होती की जखमींची वाहने अडत होती, आणि दोन्ही बाजूंना देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग पावसात भिजत पडले होते. उपयोग आणि भार यांतील फरक मी त्या रस्त्यावर पाहिला.

दुसऱ्या शंकेविषयी एवढेच सांगतो. आमच्या पथकात एक वयस्कर पाळक होते आणि ते काय प्रार्थना करतील याची मलाही धास्ती होती. सरणासाठी लाकडे कमी पडत होती. एक ट्रक लाकडे घेऊन आला, तेव्हा पाळकसाहेबांनी कोट काढून ठेवला आणि संध्याकाळपर्यंत ते ओली लाकडे उतरवत राहिले. प्रार्थना केली असेल तर मनात केली असेल.

पार्क_चौक
२५ ऑगस्ट २०१८, सकाळी ९:१४

डॉक्टरसाहेबांचा पाळक आदरणीय आहे, परंतु सगळेच तसे नसतात. २६ जानेवारी २००१च्या भूकंपानंतर मी आमच्या व्यापारी मंडळींबरोबर कच्छमध्ये तीन आठवडे होतो. आमच्या शेजारच्या तंबूत बाहेरून आलेले एक पथक होते. त्यांची औषधे चांगली होती, माणसेही कष्टाळू होती. परंतु प्रत्येक औषधाच्या पाकिटात एक गुजराती पुस्तिका घातलेली असे आणि ती घेतल्याशिवाय रांग पुढे सरकत नसे. कोणी सक्ती केली का? नाही. परंतु ज्याच्या पोराला ताप आहे तो बाप पुस्तिका परत करू शकतो का?

माझा विरोध ख्रिस्ती धर्माला नाही. रांगेत उभ्या असलेल्या लाचार माणसासमोर कोणताही धर्म मांडण्याला आहे. ताई, पथकाने रुग्णांसमोर प्रार्थना न करण्याचे लेखी दिले तर जा, अन्यथा तेवढे पैसे मुख्यमंत्री निधीला पाठवा.

टॉवेलवाला
२५ ऑगस्ट २०१८, सकाळी ९:५०

कच्छमध्ये आपल्या व्यापारी मंडळींच्या तंबूवर फलक किती फुटांचा होता, हेही लिहावे. सहज विचारले.

पार्क_चौक
२५ ऑगस्ट २०१८, सकाळी १०:०२

बारा फुटांचा होता आणि त्यावर देवाचे चित्रही होते. मुद्दा मान्य आहे. माझे विधान त्या फलकालाही लागू समजावे.

मंडळीतला
२५ ऑगस्ट २०१८, दुपारी १:३३

सर्वांना सलाम. मी या धाग्यावर लिहू नये असे आधी ठरवले होते, कारण उल्लेखिलेले पथक कोणते हे मला ठाऊक आहे आणि त्यातील काही जण माझ्या ओळखीचे आहेत. तरीही पार्क_चौक यांनी मुद्दा सरळ मांडला आहे, म्हणून सरळ उत्तर देतो.

पाकिटात पुस्तिका घालणे चूक आहे. आमच्यातील काहींना ते चूक वाटत नाही, हेही खरे आहे आणि त्यावरून आमच्या सभांमध्ये वाद होतात. माझ्यासारख्यांचे म्हणणे असे की बायबलमधील शोमरोनी माणसाची जी गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकतो, तीत तो जखमी वाटसरूच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, त्याला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो, मालकाला खर्चाचे पैसे देतो आणि निघून जातो. त्याने जखमी माणसाला धर्माविषयी एक शब्द विचारल्याचा किंवा सांगितल्याचा उल्लेख त्या गोष्टीत नाही. प्रार्थना आमच्यासाठी शस्त्रक्रियेपूर्वी हात धुण्यासारखी आहे. ती केल्याशिवाय आम्हाला काम सुरू करता येत नाही. परंतु हात डॉक्टरने धुवायचे असतात, रुग्णाने नव्हे.

थोडे अवांतर. १८९६ ते १९०० या काळातील दुष्काळांत माझे पणजोबा मिशनच्या अनाथालयात वाढले. ते भाकरीसाठी ख्रिस्ती झाले की भाकरी देणाऱ्याकडे पाहून, यावर आमच्या घरात चार पिढ्या एकमत झालेले नाही. माझी आजी पहिले म्हणे, वडील दुसरे म्हणत. पार्क_चौक यांचा प्रश्न म्हणूनच मला परका वाटत नाही.

आजोळ_मिरज
२५ ऑगस्ट २०१८, दुपारी ३:१०

मिशनच्या रुग्णालयांची आपल्या भागाला जुनी सवय आहे. डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेला १८९४ साली रुग्णालय सुरू केले आणि पुढे जेव्हा बार्शी लाइट रेल्वेचा फाटा कुर्डूवाडी-पंढरपूरवरून मिरजेपर्यंत गेला, तेव्हा सोलापूर जिल्ह्यातील पोटदुखीपासून मोतीबिंदूपर्यंतचे रुग्ण त्या छोट्या गाडीने मिरजेला जात. माझे आजोबा सांगत की त्याच गाडीत निम्मे विठ्ठलाकडे आणि निम्मे वानलेसकडे निघालेले असत आणि काही जण दोन्हीकडे. वॉर्डात सकाळी प्रार्थना होई. आजोबा त्या वेळी विष्णुसहस्रनाम म्हणत आणि कोणी त्यांना अडवल्याचे त्यांनी कधी सांगितले नाही.

हिप्परगा
२५ ऑगस्ट २०१८, सायंकाळी ५:४५

या विषयावर जगभरच्या मदत संस्थांनी विचार करून ठेवला आहे, त्यामुळे आपण शून्यापासून सुरुवात करण्याचे कारण नाही. रेड क्रॉस, रेड क्रिसेंट आणि अनेक स्वयंसेवी संस्थांनी १९९४ साली आपत्ती मदतकार्याची एक आचारसंहिता मान्य केली. तीत दहा तत्त्वे आहेत. मदत वंश, पंथ किंवा राष्ट्रीयत्व न पाहता केवळ गरजेनुसार द्यावी, हे दुसरे. मदतीचा वापर कोणतेही राजकीय किंवा धार्मिक मत पुढे रेटण्यासाठी करू नये, हे तिसरे. संस्थेने धार्मिक मत बाळगू नये असे ती संहिता म्हणत नाही. ते मत मान्य करण्यावर मदत अवलंबून असू नये, असे म्हणते. तिचा मसुदा ठरवणाऱ्यांत ख्रिस्ती संस्थाही होत्या, तेव्हा पथकाला ही दोन तत्त्वे दाखवण्यात अपमान मानण्यासारखे काही नाही. पार्क_चौक यांचे ‘लेखी द्या’ मला थोडे कोर्टकचेरीसारखे वाटते, परंतु निघण्यापूर्वी सर्वांसमोर बोलून घ्यावे.

टॉवेलवाला
२५ ऑगस्ट २०१८, सायंकाळी ६:०८

डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या गावातील लोकांनी ‘बाहेर जाऊन उपयोग होतो का’ असे विचारावे, याची गंमत वाटते. १९३८ साली काँग्रेसने चीनला पाच डॉक्टरांचे पथक पाठवले, त्यात ते होते. बाकीचे परतले, ते राहिले, चिनी भाषा शिकले आणि १९४२ साली बत्तिसाव्या वर्षी तेथेच गेले. सीनाकाठताईंनी दहा दिवसांत परत यावे, सासूबाईंना एवढे सांगितले तरी पुरे.

निवृत्त_भूलतज्ज्ञ
२५ ऑगस्ट २०१८, रात्री ८:३०

टॉवेलवाला, गंमतीत आपण मुद्द्याचे बोलून गेलात. कोटणीसांचा उपयोग झाला तो ते भाषा शिकले म्हणून. कच्छमधील पुस्तिकेपेक्षा मला पथकांचे मुकेपण अधिक घातक वाटते. ‘कोठे दुखते’ एवढे विचारता न येणारा डॉक्टर सर्वांना तीच पिवळी गोळी देतो. या पथकात एक मल्याळी सिस्टर आहेत, ही माझ्या दृष्टीने त्याची सर्वांत मोठी शिदोरी आहे. त्यांना दिवसभर सुया टोचायला लावू नका, दुभाष्या म्हणून मोकळ्या ठेवा.

फिरता_दवाखाना
२६ ऑगस्ट २०१८, सकाळी ७:१५

मी जनआरोग्य विषयाचा डॉक्टर आहे आणि जानेवारी २००५मध्ये त्सुनामीनंतर नागपट्टिणमला होतो. औषधांचे काम सांभाळणार आहात म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

पोहोचताच जिल्हा वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात नोंद करा आणि ते सांगतील त्याच ठिकाणी बसा. केरळची प्राथमिक आरोग्य केंद्रे मजबूत आहेत. तुम्ही त्यांची जागा घ्यायला जात नसून थकलेल्या माणसांना हात द्यायला जात आहात. दूरदर्शनवर दिसलेल्या गावीच जाण्याचा हट्ट धरू नका, कारण तेथे आधीच सहा पथके असतात आणि पलीकडच्या वाडीत एकही नसते.

पाणी ओसरल्यावर लोक चिखल काढायला घरी जातात, पायांना चिरा असतात आणि उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) होतो. तेथे त्याला एलिप्पनी म्हणतात, म्हणजे उंदीरताप. चिखलात उतरणाऱ्यांना आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन देतात आणि तुम्हा सर्वांनाही ती घ्यावी लागेल. जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर घ्या आणि लगेच आडवे होऊ नका, नाहीतर अन्ननलिका भाजल्यासारखी होते. गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांच्यासाठी डॉक्टर वेगळे औषध ठरवतात, तेव्हा खिडकीवर प्रत्येक बाईला विचारल्याशिवाय ती गोळी देऊ नका.

तेथे जवळजवळ प्रत्येक घराला विहीर आहे आणि बुडालेली प्रत्येक विहीर दूषित धरावी. एरवी हजार लिटरला अडीच ग्रॅम टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, पुरते, बुडालेल्या विहिरीला त्याच्या दुप्पट लागते आणि नंतर किमान तासभर पाणी काढू द्यायचे नाही. तुमच्या चार तरुणांना सलाईन धरून उभे करण्यापेक्षा बादली आणि टीसीएल घेऊन आरोग्य सेवकांबरोबर पाठवा. त्यांच्या हातून डॉक्टरांपेक्षा अधिक आजार टळतील.

आणि रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड, फिट्स यांची औषधे न्या. पुरात माणूस वाचतो, त्याच्या गोळ्या वाहून जातात. नागपट्टिणमला आम्ही जखमांच्या तयारीने गेलो आणि तीन दिवसांनी मधुमेहाच्या गोळ्यांसाठी धावपळ करत होतो. इन्सुलिनला फ्रीज नसेल तर पाण्याने ओला ठेवलेला मातीचा माठ चालतो.

सीनाकाठ
२६ ऑगस्ट २०१८, रात्री ९:५५

सर्वांचे मनापासून आभार. आज उपासनेनंतर पथकाची बैठक झाली आणि तेथे मी हिप्परगा यांची दोन तत्त्वे मराठीत वाचून दाखवली. थोडी शांतता पसरली. एका डॉक्टरांना ते आवडले नाही. ‘आम्ही कोणाला सक्ती करणार आहोत असे तुम्हाला वाटले तरी कसे?’ असे त्यांनी विचारले. त्यावर सिस्टरच म्हणाल्या की आजारी माणसाला सगळेच सक्तीचे वाटते. सकाळची प्रार्थना राहत्या जागी करायची, खिडकीवर आणि खाटेजवळ कोणी मागितल्याशिवाय नाही, असे ठरले. मी जात आहे.

सासूबाईंनी शेवटी विचारले, ‘तुला तेथे जेवायला कोण घालणार?’ मी हा होकार समजले.

कडक_भाकरी
२६ ऑगस्ट २०१८, रात्री १०:०१

म्हणूनच भाकऱ्या न्या असे पहिल्या दिवशी सांगितले होते. या धाग्यावर आहाराला कोणी गांभीर्याने घेत नाही.

सीनाकाठ
१६ सप्टेंबर २०१८, दुपारी ४:२०

गणपतीच्या गडबडीतून आज सवड मिळाली. वचन दिल्याप्रमाणे लिहिते आहे.

दोन रात्री गाडीत काढून आम्ही चंगनाशेरीला उतरलो. आरोग्य अधिकाऱ्यांनी आम्हाला गावात बसवले नाही. एका प्राथमिक आरोग्य केंद्राला जोडून दिले आणि त्या केंद्राच्या डॉक्टरबाईंनी एका चर्चच्या सभागृहातील शिबिराकडे पाठवले. तेथे हिंदू आणि ख्रिस्ती कुटुंबे एकत्र राहत होती आणि जेवणाच्या पंगतीत कोण कोणाचा हे आम्हाला शेवटपर्यंत कळले नाही.

पहिल्याच सकाळी एक प्रसंग घडला. बैठकीत ज्यांना ती तत्त्वे आवडली नव्हती, त्या डॉक्टरांनी तेथील फादरना विचारले की चर्चच्याच सभागृहात आहोत, तर ओपीडी सुरू होण्यापूर्वी रुग्णांसह दहा मिनिटे प्रार्थना घ्यावी का. फादर वयाने सत्तरीचे असतील. सिस्टरनी भाषांतर केले ते असे, ‘येथे रोज सकाळी मिस्सा, म्हणजे चर्चची उपासना, होते. आमच्याकडे इसवी सन ५२ साली संत थोमा आले असे आम्ही मानतो, तेव्हा प्रार्थनेची टंचाई नाही. रक्तदाबाच्या गोळ्यांची आहे.’ आमचे डॉक्टर तिसऱ्या पिढीचे ख्रिस्ती आहेत. ते आधी लाल झाले आणि मग सगळ्यांत मोठ्याने हसले. त्या दिवसापासून तेच मला गोळ्या मोजू लागत.

माझे पहिले दोन दिवस खोकी उघडण्यात गेले. सभागृहाच्या कोपऱ्यात ठिकठिकाणांहून आलेल्या औषधांची अकरा खोकी होती. अर्ध्या कापलेल्या स्ट्रिप, ज्यांवर मुदत लिहिलेला भागच नाही, डॉक्टरांना मिळणारे सॅम्पल, एका खोक्यात नुसती केसगळतीची औषधे. उपयोगाची तीन खोकी निघाली. दान केलेल्या औषधाची किमान एक वर्ष मुदत शिल्लक असावी, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे, हे मी शिकले होते. ते का लिहावे लागले, हे तेथे कळले.

फिरता_दवाखाना यांचे शब्द अक्षरशः खरे ठरले. माणसे येत आणि म्हणत, ‘सकाळी एक पांढरी, रात्री एक गुलाबी.’ केसपेपर चिखलात गेलेले. मग मी एका पुठ्ठ्यावर तेथे नेहमी दिल्या जाणाऱ्या गोळ्या चिकटवल्या, प्रत्येकीखाली सिस्टरनी मल्याळीत नाव लिहिले आणि लोक बोट ठेवून आपली गोळी दाखवू लागले. त्यावर विसंबून औषध देत नव्हतो, रक्तदाब आणि साखर तपासून डॉक्टर ठरवत, परंतु सुरुवात त्या पुठ्ठ्यापासून होई. आम्ही निघालो तेव्हा केंद्राच्या डॉक्टरबाईंनी तो पुठ्ठा मागून घेतला. पथकाने मागे ठेवलेल्या वस्तूंपैकी बहुधा तीच एक त्यांना हवी होती.

चार तरुण रोज टीसीएलच्या बादल्या घेऊन आरोग्य सेवकांमागे जात आणि संध्याकाळी ब्लीचिंगच्या वासाने ओळखू येत.

एक गोष्ट मात्र बैठकीत ठरल्यापेक्षा वेगळी झाली. एक वृद्ध हिंदू बाई रोज रक्तदाब मोजायला येत. त्यांचे पती पुरात गेले होते. एका दुपारी त्यांनी सिस्टरचा हात धरला आणि सिस्टर डोळे मिटून मल्याळीत काही बोलल्या. बाई रडल्या, मग डोळे पुसून गोळ्या घेऊन गेल्या. रात्री मी सिस्टरना विचारले. त्या म्हणाल्या, बाईंनी ‘तू कोणाला मानतेस’ असे विचारले, मी सांगितले, तर म्हणाल्या, ‘मग त्याला माझ्या नवऱ्याचे सांग.’

मंडळीतला
१६ सप्टेंबर २०१८, सायंकाळी ७:०२

आमचे डॉक्टर हसले, हे वाचून बरे वाटले. ते सहसा हसत नाहीत.

पार्क_चौक
१६ सप्टेंबर २०१८, रात्री ८:४०

ताई, लेखन प्रामाणिक आहे आणि आपण गेलात हे योग्य झाले, हे मी मान्य करतो. परंतु एक प्रश्न राहतो. रोज जिच्याकडून रक्तदाब मोजून घ्यायचा, तिने देवाचे नाव सांगितल्यावर त्या बाईंना ‘नको’ म्हणता आले असते का?

सीनाकाठ
१६ सप्टेंबर २०१८, रात्री ९:२५

हाच प्रश्न मी परतीच्या गाडीत सिस्टरना विचारला. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या की मलाही ठाऊक नाही, म्हणून दुसऱ्या दिवसापासून त्या बाईंचा रक्तदाब मी दुसऱ्या सिस्टरला मोजायला सांगितला. बाई तरीही येत राहिल्या. माझ्याजवळ याहून अधिक उत्तर नाही.

निवृत्त_भूलतज्ज्ञ
१७ सप्टेंबर २०१८, सकाळी ६:१०

त्या पुठ्ठ्याचे छायाचित्र असेल तर येथे द्यावे. सीना आणि भीमेच्या काठच्या गावांनाही पूर चुकलेला नाही. आपल्याकडील गोळ्यांचा एक पुठ्ठा मराठी, कन्नड आणि तेलुगूत आधीच करून ठेवता येईल.

कडक_भाकरी
१७ सप्टेंबर २०१८, सकाळी ८:३२

चटणीचे काय झाले?

सीनाकाठ
१७ सप्टेंबर २०१८, दुपारी १:१५

छायाचित्र आहे, संध्याकाळी देते. तेलुगूसाठी आमच्या विभागातील एक ताई मदत करतील, कन्नडसाठी कोणी पुढे यावे.

चटणी फादरनी संपवली. भाकरी त्यांना दातांमुळे जमली नाही. आणि निरुपयोगी निघालेली आठ खोकी केंद्राच्या डॉक्टरबाईंनी अतिशय नम्रपणे आमच्याबरोबरच परत पाठवली, कारण त्यांच्या नाशाची सोय त्यांच्याकडे नव्हती. जाताना औषधे नेणारे चार तरुण येताना ती खोकी सांभाळत आले. सध्या ती आमच्या रुग्णालयाच्या जिन्याखाली आहेत. जैववैद्यकीय कचऱ्याची गाडी गुरुवारी येते.